शिखरं तीक्ष्ण, तरी आत गोंधळ
बॅटरीच्या इलेक्ट्रोडवर क्ष-किरण टाकले आणि विखुरलेल्या किरणांच्या आलेखात शिखरं तीक्ष्ण आली, म्हणजे आतले आयन (विद्युतभारित अणू) जागच्या जागी आहेत, असं म्हटलं जातं. अर्धंच खरं. शिखरं सांगतात ती सरासरी रचना: समजा, स्फटिकातल्या आयनांच्या निम्म्या जागा भरल्यात, एवढंच. एक जागा भरली की शेजारची रिकामी राहते का, हे दडलेलं असतं शिखरांमधल्या अंधुक, पसरट विकिरणात (किरणांच्या विखुरण्यात). आणि नेमकं तेच बरेच जण पार्श्वभूमी समजून वजा करून टाकतात! सोडियम व्हॅनेडियम ऑक्साइडच्या स्फटिकात सोडियम आयनांची नागमोडी मांडणी याच पसरट भागातून उलगडली.

लिथियमचं दुखणं वेगळं. क्ष-किरण विखुरतात ते इलेक्ट्रॉनांमुळे, आणि आयन झाल्यावर लिथियमकडे इलेक्ट्रॉन उरतात 2, त्यामुळे निकेलसारख्या जड शेजाऱ्यापुढे तो क्ष-किरणांना जेमतेम दिसतो. तिथे न्यूट्रॉन विकिरणाची जोड घ्यावी लागते, कारण न्यूट्रॉन इलेक्ट्रॉनांऐवजी अणुकेंद्रावरून विखुरतात.