रुडॉल्फ अक्वाविवा : कुंकळ्ळीचा हुतात्मा नक्की कोण?

आडवाटेचा
१५८० मध्ये गोव्याहून निघालेले तीन जेजुइट (येशूसंघ या कॅथलिक संघाचे) पाद्री फत्तेपूर सिक्रीला अकबराकडे पोचले. त्यांचा म्होरक्या रुडॉल्फ अक्वाविवा. इटलीतल्या आत्रीच्या ड्यूकचा मुलगा, वय तिशीच्या आत. दरबारात फारसी शिकला, मुल्लांशी रात्र रात्र वाद घातले, बादशहा देत असलेलं धन घेतलं नाही. अकबर काही ख्रिस्ती झाला नाही. १५८३ मध्ये हा परत आला, दक्षिण गोव्यातल्या साष्टीच्या मिशनचा प्रमुख झाला आणि २५ जुलैला कुंकळ्ळीत गावकऱ्यांनी त्याला मारलं. सोबत आणखी चार जेजुइट. १८९३ मध्ये पोप तेराव्या लिओंनी या पाचांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.
माझं मत : तिथली देवळं आधी पाडली इतरांनी, जीव गेला याचा. भला माणूस हकनाक गेला.

फातर्प्याची वाट
‘हकनाक’ला हरकत आहे. तो तिथे गेला कशाला होता? क्रूस उभारायला आणि चर्चसाठी जागा बघायला. सोबत कोण होते? पाशेको आणि बेर्नो. त्याच भागात देवळं पाडणाऱ्या मोहिमांत हे दोघे आधी गेलेले. १५६७ मध्ये राशोल किल्ल्याच्या पोर्तुगीज कप्तानाने साष्टीतली देवळं धडाधड पाडली, तेव्हापासून लोक धुमसत होते. कुंकळ्ळीकरांनी तर पोर्तुगिजांना कर देणंच बंद केलं होतं. अशा गावात त्या दोघांना बरोबर घेऊन जायचं आणि वर म्हणायचं, माझा काय दोष?
आमची शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण आज फातर्प्याला आहे. नावात कुंकळ्ळी, देऊळ दुसऱ्या गावात. एवढं पुरे.

वसईचा कुपारी
देवळं पाडली ते वाईटच, त्यावर वाद नाही. पण धर्मासाठी मरण पत्करलं का, हे चर्च बघतं. त्या दिवशी बरोबरच्या गोन्सालो रॉड्रिग्जने बंदूक उचलली, पाशेकोने त्याला थांबवलं. हल्ला झाला तेव्हा रुडॉल्फ पळाला नाही, मान पुढे केली. राज्यकर्त्यांची पापं त्याच्या खात्यावर का?

फातर्प्याची वाट
बंदूक थांबवली, मान्य. मग आधीच्या मोहिमा का नाही थांबवल्या?

साष्टीकार
पुढचं कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. पोर्तुगिजांनी कुंकळ्ळीच्या सोळा गांवकारांना (गावच्या मूळ घराण्यांच्या प्रमुखांना) बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि कापून काढलं. एक तेवढा साळ नदीत उडी टाकून कारवारकडे निसटला म्हणतात. ना चौकशी, ना खटला. हत्यार नसलेल्याला मारणं हाच निकष असेल तर हे पंधराजण कोण? आम्ही त्यांना महानायक म्हणतो, गावात त्यांचं स्मारकही आहे.

नोंदवही
दोन्ही बाजू एक गोष्ट विसरताहेत. त्या दिवशी पाच जेजुइटांखेरीज हा रॉड्रिग्ज आणि चौदा स्थानिक ख्रिस्तीही मेले. धन्यवादित झाले ते फक्त पाच जेजुइट. चौदाजण यादीबाहेर! त्यात डॉमिनिक नावाचा एक पोरगा होता. कुंकळ्ळीचाच, राशोलला शिकणारा. देवळं कुठे आहेत ते याने पाद्र्यांना दाखवलं होतं, आणि त्याला मारलं ते त्याच्या सख्ख्या नातेवाइकाने. चाचणी मरणाचीच होती ना, कुपारीभाऊ? मग हा पोरगा तीत का नाही बसला?

वसईचा कुपारी
याला माझ्याकडे उत्तर नाही. टोचतं खरं.

आडवाटेचा
‘हकनाक’ मागे घेतो. प्रमुख म्हणून जबाबदारी त्याची होतीच. तरी सिक्रीतून निघताना ज्याने बादशहाकडे गुलामगिरीतलं एक कुटुंब तेवढं सोडवून मागितलं, तो माणूस मला अजून आवडतो. दोन्ही एकाच वेळी, काय करू?

साष्टीकार
आवडू दे की. देवी शिगम्यात कुंकळ्ळीला येते, बारा वांगडांच्या (घराण्यांच्या) बारा रंगीत छत्र्या असतात आणि त्यात ख्रिस्ती गांवकारही येतात. गावाने आपल्यापुरता तंटा कधीच मिटवलाय.

फातर्प्याची वाट
येते, आणि परत फातर्प्यालाच जाते ना?