पारडू गेल्यापासून म्हैस पान्हा चोरते – मदत हवी आहे

मुऱ्हा म्हैस, दुसरं वेत. पारडू दगावल्यापासून पान्हा सोडत नाही. वेळेला पाच लिटर देणारी आता अर्ध्या लिटरवर आलीय. कास टच्च, खाणं-रवंथ नीट. शेजारचे इंजेक्शन मारा म्हणतात. दुसरा इलाज?

माळरान : आधी कासदाह, म्हणजे कासेची सूज, नाही ना बघा. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घ्या. गुठळ्या, पाणचट दूध किंवा कासेचा एखादा भाग गरम-कडक लागला तर डॉक्टर बोलवा. तसं काही नसेल तर पान्ह्याचंच दुखणं.

गायीच्या कासेत खालच्या पोकळीत साधारण पाचवा हिस्सा दूध उतरून असतं, म्हशीच्या जेमतेम 5 टक्के. बाकीचं वर, बारीक दुग्धपिंडांत. ते ओढून येत नाही. सड चोळले की मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरतं, पिंडांभोवतीच्या पेशी आवळतात, मगच दूध खाली येतं. म्हशीला याला दोन मिनिटं तरी द्याच. तोवर लुळा सड ओढलात तर आतलं अस्तर दुखावतं आणि ती लाथ उगारायला शिकते. सड फुगून ताठ झाला की मात्र थांबू नका, सहा-सात मिनिटांत उरका. ऑक्सिटोसिनचा जोर फार टिकत नाही.

कास कोमट पाण्याने धुवा, पुसा, चोळा. आंबोण (भिजवलेली पेंड-भरडा) नेमकं त्याच वेळी पुढ्यात ठेवा, एरवी नाही. वेळ तीच, माणूस तोच. ओरडणं, काठी, अनोळखी कुत्रं, सगळं बंद. जनावर बिचकलं की अ‍ॅड्रेनलिनमुळे कासेचा रक्तपुरवठाच आखडतो. मेलेल्या पारडाच्या कातड्यात पेंढा भरून पुढ्यात ठेवलेलं पारडू काही म्हशींना चालतं, काही हुंगून तोंड फिरवतात.

धागाकर्ता : अंगठा मुडपून धार काढतो. चालेल ना?

गोठा_डॉक्टर : नको. मुडपलेल्या अंगठ्याचं हाड सडावर घासतं, आत गाठ धरते. पूर्ण मूठ वापरा: अंगठा-तर्जनीने सडाचं मूळ बंद करायचं, मग बाकीची बोटं वरून खाली मिटत आणायची.

ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन रोजचं लावलंत तर त्याशिवाय ती पान्हा सोडणार नाही. शिवाय दूध वाढवायला जनावराच्या तब्येतीला घातक इंजेक्शन देणं 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 खाली गुन्हा आहे. तुंबलेली कास मोकळी करायला एखाद्या वेळी द्यायचं का, हे तपासणाऱ्या डॉक्टरला ठरवू द्या. दिवस मात्र घालवू नका. दूध आत राहिलं की पिंड नवं दूध बनवणं कमी करतात, आणि मग पान्हा परत आला तरी पाच लिटर मिळणार नाही.