सिग्नल तोडतात की मोडतात?

बर्डीकर
नियम आपण मोडतो. कायदा मोडतो, शिस्त मोडतो, दिलेला शब्द मोडतो, उपास मोडतो. मग सिग्नलच तेवढा का तोडतो? नागपुरात व्हरायटी चौकापासून मेडिकल चौकापर्यंत कोणाच्याही तोंडून ‘सिग्नल मोडला’ ऐकलेलं मला आठवत नाही. पेपरातही ‘सिग्नल तोडून पळाला’ असंच छापून येतं. पोलिसांच्या पत्रकात मात्र ‘सिग्नलचे उल्लंघन’. यातलं मराठी कोणतं आणि बाहेरून आलेलं कोणतं? जाणकारांनी उजेड पाडावा.

सक्करदरा एक्स्प्रेस
उजेड कसला पाडायचा भाऊ, हिंदी आहे सरळसरळ. ‘सिग्नल तोड दिया’. आपण नागपूरकर हिंदीत विचार करतो आणि शेवटी ‘ला’ लावतो. विषय संपला.

बर्डीकर
संपला नाही. हिंदीवाले ‘कानून तोडना’, ‘वादा तोडना’ही म्हणतात. मग आपण ‘कायदा तोडला’, ‘शब्द तोडला’ काहून म्हणत नाही? एकट्या सिग्नललाच हिंदी कशी बाधली?

निवृत्त मास्तर
प्रश्न चांगला आहे. आधी मराठीतला फरक बघू. पडून हात मोडतो. यंत्रात सापडला तर तुटतो. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालता येतं, कारण हात जागेवर असतो. आतलं हाड तेवढं भंगलेलं असतं. तुटलेला हात वेगळा होऊन पडतो. फूल तोडतात ते झाडापासून. लचका तोडतात तो अंगाचा. नातं तोडतात तेव्हा दुसऱ्या टोकाला कोणीतरी माणूस असतो. काडी मात्र मोडतात, म्हणून काडीमोड. थोडक्यात, तोडायला दुसरं टोक लागतं. मोडायला ती वस्तूच पुरते.

आता मोडण्याच्या यादीकडे बघा: शब्द, व्रत, शिस्त, नियम. या सगळ्यांचा उलटा अर्थ एकाच क्रियापदाने होतो, ‘पाळणे’. जे पाळलं जातं तेच मोडलं जातं. साखळी कोणी पाळत नाही, म्हणून ती मोडतही नाही, साखळी तोडतात. बेड्या तोडतात, बंधनं तोडतात. दुसऱ्याने घातलेली अडचण तोडायची असते, स्वतः स्वीकारलेलं बंधन मोडायचं असतं. माझा अंदाज असा की शब्द हिंदीतून आला असेलही, पण टिकला तो यामुळे. लाल दिवा आपल्याला कधी व्रतासारखा वाटलाच नाही. तो रस्त्यात आडवी टाकलेली साखळी आहे.

सक्करदरा एक्स्प्रेस
मास्तर, मानलं. पण एक साधं कारण राहिलं. नागपुरात ‘मोड’ म्हणजे वळण. ऑटोवाल्याला म्हणा ‘सिग्नलवर मोडू नका’, तो म्हणेल ‘मग सरळ घेऊ का?’ मोडणं हे क्रियापद चौकात हिंदीने आधीच अडवून ठेवलंय. मग सिग्नलसाठी उरलं काय, तोडणं.

बर्डीकर
हे पटलं. मास्तरांचं तर त्याहून जास्त पटलं. पाच वर्षांच्या पोरालाही कळतं की ‘सिग्नल तोडला’ म्हणताना आवाजात थोडी फुशारकी असते. ‘मी शब्द मोडला’ असं छाती फुगवून कोणी सांगत नाही.

काळा कोट
कायद्याच्या बाजूने थोडी भर. मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ ला, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमाला, एक स्पष्टीकरण जोडलं. त्यात लाल दिवा ओलांडणं, थांबण्याची खूण न जुमानणं, गाडी चालवताना हातात मोबाइल धरणं अशा गोष्टी नावानिशी घातल्या. मूळ इंग्रजीत लाल दिव्यावरून ‘उडी’ आहे. आणि आपला सरकारी शब्द ‘उल्लंघन’ हाही उडीच. लंघ म्हणजे ओलांडणं, उडी मारून पलीकडे जाणं. पत्रक लिहिणाऱ्या हवालदाराच्या ते ध्यानीमनी नसेल, पण शब्द चपखल बसलाय.

पहिल्या गुन्ह्याला या कलमात हजार ते पाच हजार दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. कैदेचं कोणी मनावर घेत नाही. अशिलांना सांगितलं की हसतात.

निवृत्त मास्तर
उल्लंघनाची आपल्याकडे गोडीच आहे, वकीलसाहेब. दसऱ्याला सीमोल्लंघन केलं की सोनं लुटायचं!

थोडं गंभीर बोलतो. कायदा मोडणं हे या शहरात एकेकाळी फार मानाचं होतं. १९२३ चा झेंडा सत्याग्रह इथलाच. तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायला बंदी होती. स्वयंसेवक रोज निघायचे आणि अटक व्हायचे. जमनालाल बजाजांना अटक झाली, मग वल्लभभाईंनी सूत्रं हाती घेतली. १९३० साली समुद्र जवळ नसल्यामुळे विदर्भाने मिठाऐवजी जंगल निवडलं. बापूजी अणे पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून तुरुंगात गेले. यातल्या कोणी पळ काढला नाही. मोडायचं तर उघड, आणि शिक्षा भोगायची. ‘सविनय कायदेभंग’ मधला ‘सविनय’ तो हाच. वर्दी चुकवून गल्लीत घुसणाऱ्याला हा शब्द लावू नये.

आणि दुसरी बाजूही याच शहराशी जवळचं नातं असलेल्या माणसाने मांडली. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले की घटनात्मक मार्ग उपलब्ध झाल्यावर कायदेभंगाला, सत्याग्रहाला समर्थन उरत नाही. त्याला त्यांनी अराजकाचं व्याकरण म्हटलं. शब्दांची चर्चा करणाऱ्यांनी तरी ‘व्याकरण’ हा शब्द तिथे का आला याचा विचार करावा. सात वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्यांनी इथे बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यात दहा पारमिता, म्हणजे बौद्ध धम्मातले सद्गुण, पाळण्याची प्रतिज्ञा आहे. पुन्हा तेच क्रियापद. दीक्षाभूमीवर विजयादशमीला लाखोंची गर्दी असते. पुस्तकांच्या स्टॉलपाशी तासभर उभे राहा आणि लोक एकमेकांना वाट कशी देतात ते बघा. तेच लोक, तेच आपण, दुसऱ्या दिवशी रहाटे कॉलनी चौकात वेगळे असतो.

दोन चाकं
मी दिवसभर गाडीवर असतो जी, डिलिव्हरी करतो. तुमचं तोडणं-मोडणं वाचून राह्यलो. आता चौकात काय होते ते मी सांगतो.

लाल आकडा नऊवर येते. बाजूची बंद केलेली गाडी सुरू होते. सातवर आल्यावर पुढचे दोघं झेब्राच्या पुढं सरकते. पाचला मागून हॉर्न. तीनला कारवाला काच खाली करून म्हणते, ‘निघ ना बे!’ अजून लालच आहे. आपण थांबलो तर शिव्या आपल्याले, निघालो तर कॅमेरा आपल्याले. आकडा लावला कशाले? माणसानं इंजिन बंद करावं, धीर धरावं म्हणून. अन् झाली त्याची शर्यतीची शिट्टी.

वरून माह्या मोबाइलमधलं ॲप. उशीर झाला की ऑर्डरचा रंग बदलते. ते आकडा बघत नाही, पाऊस बघत नाही. चौकातला आकडा म्हणते थांब, खिशातला म्हणते चाल. आता याले तोडणं म्हणायचं का मोडणं, तुम्हीच सांगा.

बर्डीकर
भाऊ, याच्यापुढे आमच्या व्युत्पत्त्या फिक्या आहेत. ‘निघ ना बे’वर मात्र बोललं पाहिजे. बाहेरचे लोक ‘बे’ला शिवी समजतात. नागपुरात मित्राला ‘का बे’ म्हटलं नाही तर तो विचारतो, रागावला का? आणि त्याच दमात दुकानदाराला ‘किती झाले जी’. एकाच जिभेवर दोन्ही सुखाने नांदतात. पण ‘बे’ला ओळख लागते. अनोळखी माणसाला काच खाली करून घातलेला ‘बे’ वेगळा, तो कानाला लगेच कळतो. आपली सगळी रीतभात ओळखीच्या माणसासाठी घडलेली आहे. घरी आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय राहणार नाही, पण हेल्मेटमधल्या माणसाला चेहराच नसतो. त्याच्याशी कसं वागायचं हे कोणी शिकवलंच नाही.

सक्करदरा एक्स्प्रेस
शिकवलं नाही म्हणजे ‘वळण’ नाही. आमची आजी म्हणायची, पोट्ट्याले वळण नाही. आता रस्त्याला वळण आहे, गाडीला इंडिकेटर आहे, फक्त पोट्टा तसाच. 😄

मेट्रोत मात्र बघा. सीताबर्डीला दार उघडलं की लोक बाजूला उभे राहून आधी उतरू देतात. तेच लोक खाली उतरून बसला लोंबकळतात. म्हणजे वळण लागू शकते. लावलं पाहिजे.

काळा कोट
मेट्रोत दार बंद झालं की झालं, तिथे हुज्जत घालता येत नाही. रस्त्यावर अजून घालता येते. फरक वळणाचा कमी, दाराचा जास्त.

निवृत्त मास्तर
वकीलसाहेब, हे मला खटकलं म्हणून लिहितो. तुम्ही म्हणता ते खरं असेल तर उद्या प्रत्येक चौकात दार बसवा, काम झालं. मराठीत ‘पाळणे’ आहे आणि ‘पाळत ठेवणे’ही आहे. व्युत्पत्तीचा दावा करत नाही, पण कानाला दोन्ही सख्खे वाटतात. नियम मी पाळतो की कोणी माझ्यावर पाळत ठेवून माझ्याकडून करून घेतं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कॅमेरा आला तेव्हा मला बरं वाटलं होतं, अजूनही वाटतं. पोलिसाच्या मर्जीपेक्षा यंत्र बरं. पण कॅमेरा बंद असलेल्या चौकात काय चालतं ते बघितलं की कळतं, आपण पाळायला शिकलो नाही, फक्त पाळत कुठे आहे ते ओळखायला शिकलो. माझ्या गल्लीतला आठवीतला मुलगा सांगतो, ‘सर, या चौकातला कॅमेरा बिघडलाय, जाऊ द्या गाडी.’ एवढी बारीक माहिती त्याला भूगोलात असती तर!

बर्डीकर
‘पाळत’ लाजवाब. आता दंडाचे शब्द घ्या. पुस्तकातून कागद फाडून हातात द्यायचे तेव्हापासून ‘पावती फाडली’. आता मोबाइलवर संदेश येतो, कागदाचा पत्ता नाही, तरी आपलं ‘चालान फाटलं’ सुरूच. काहीजण ‘कटलं’ म्हणतात. आणि मराठीत बँकेत भरायचं ते ‘चलन’, पोलिसांचं ते ‘चलान’ किंवा ‘चालान’. माझी आई विचारते, चलन भरायला बँकेत जायचं का? तिचा प्रश्न चुकीचा नाही.

सक्करदरा एक्स्प्रेस
याच गोंधळाचा फायदा चोरटे घेतात. व्हॉट्सॲपवर ‘तुमचे चलान’ म्हणून एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी, फाइल येते. उघडली की मोबाइल त्यांच्या ताब्यात आणि खातं साफ. आमच्या शेजारच्या काकांनी दंडाच्या भीतीने उघडली होती. ज्यांनी सिग्नल कधी तोडला नाही तेच घाबरून उघडतात. खरं ई-चलान फाइल बनून येत नाही, काका-काकूंना सांगून ठेवा.

काळा कोट
दंडाच्या शब्दांमध्ये एक राहिला, माझा आवडता. गुन्हा कोर्टात न नेता पैसे भरून मिटवायची रक्कम असते, तिला पोलिसांच्या मराठीत ‘तडजोड शुल्क’ म्हणतात. सरकारी कागदावर अधिकृतपणे तडजोड! आणि चौकात कागदाशिवाय जे व्हायचं त्याला ‘तोडपाणी’. एकात जोड, दुसऱ्यात तोड. जोडीची पावती मिळते, तोडीची मिळत नाही. कॅमेऱ्याने एक काम नक्की केलं, तोडपाण्याची जागा कमी केली. यंत्राला चहा पाजता येत नाही.

जाता जाता एक तक्रार. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली. साठ-सत्तर वर्षं पेपरात रुळलेलं ‘भादंवि’ एका रात्रीत गेलं. पुराव्याच्या कायद्याला तर ‘साक्ष्य अधिनियम’ असं नाव पडलं. मराठीत साक्ष असते, साक्षीदार असतो, पुरावा असतो. ‘साक्ष्य’ आमच्या कोर्टात कोणी बोलत नाही. कारकुनाने परवा ‘साक्षी अधिनियम’ टाइप केलं, दुरुस्त करायचं माझ्याही जीवावर आलं.

दोन चाकं
वकीलसाहेब, माह्यावर दोन चलान पेंडिंग आहे. एक तर मी तिथं नव्हतोच, नंबर दुसऱ्याचा असेल. भरून टाकू का?

काळा कोट
जे तुमचं नाही ते भरू नका. ई-चलानवर फोटो असतो, आधी तो उघडून गाडीचा रंग, मॉडेल आणि नंबर ताडून बघा. जुळत नसेल तर वाहतूक शाखेकडे लेखी तक्रार द्या, फोटो आणि आरसीची (गाडीच्या नोंदणीपत्राची) प्रत जोडून, आणि पोच घ्या. दुसरं जे खरं आहे ते भरून मोकळे व्हा. थकलं तर लोकअदालतीची नोटीस येते. तिथे दावापूर्व प्रकरण म्हणून, म्हणजे कोर्टात खटला उभा राहण्याआधीच, तडजोड होते, पण एकदा निवाडा झाला की त्यावर अपील नाही. तारखेला जाताना आरसी, लायसन्स आणि तक्रारीची पोच बरोबर ठेवा. आणि त्या दिवशी ॲप बंद करून या, रांग मोठी असते.