मदत हवी आहे : 08 चा शून्य होतोय राव

मंडळी, सोलापुरात आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, तिथल्या लॉट नंबरसाठी सी भाषेत प्रोग्रॅम लिहिलाय आणि टेक्स्टचा नंबर करायला एक ओपन सोर्स लायब्ररी घेतलीय. 07 पर्यंत सगळं बरोबर, 08 दिलं की 0 येतो, 010 चे 8, एरर काहीच नाही, दोन दिवस डोकं खाजवत बसलो. सोर्स उघडला तर आत स्ट्रटोलला (strtol, टेक्स्टचा नंबर करणारं सी चं फंक्शन) बेस 0 दिलाय, म्हणजे नंबर कुठल्या पद्धतीतला ते सुरुवात बघून ते स्वतःच ठरवतं; पुढं शून्य दिसलं की ते ऑक्टल (फक्त 0 ते 7 अंकांची पद्धत) धरतं, आणि ऑक्टलमध्ये 8 नसतोच की! वाचन कुठं थांबलं ते सांगणारा एंड पॉइंटरपण कुणी तपासलेला नाही. बेस 10 केला तर लायब्ररीच्या हेक्सवाल्या (0x नं सुरू होणारे, बेस 16 चे नंबर) टेस्ट फेल. आता नुसता बग रिपोर्ट टाकू का सोबत पॅचपण (दुरुस्त केलेला कोड) देऊ? बेस वेगळा पॅरामीटर केला तर लोकांचा जुना कोड मोडेल का?