मदत हवी आहे : आईची त्वचा फार नाजूक झाली आहे

नमस्कार मंडळी, आई ७८ वर्षांची, आम्ही नाशिकला असतो. थंडी पडली की तिच्या नडग्यांवर पांढरे पापुद्रे सुटतात, रात्रभर खाजवत बसते. हातांची कातडी तर कांद्याच्या सालीसारखी झालीये. परवा बांगडी नुसती घासली आणि मनगटापाशी जांभळा डाग उठला. रक्त पातळ करायची गोळी चालू नाही. वयानुसार त्वचेतलं तेल कमी होतं, रक्तवाहिन्यांचा आधार सुटतो, असं डॉक्टरांनी समजावलं. कडकडीत पाण्याची आंघोळ बंद केली, अंग ओलसर असतानाच खोबरेल लावते. तरी खाज आहेच. १० टक्के युरियाचं क्रीम कुणी वापरलंय का? खाजवलेल्या जागी झोंबतं का? आणि काचेच्या बांगड्या ती काही केल्या उतरवत नाही, तिला कसं समजावू?