मालवणच्या खाऱ्या हवेत गिटार-बेसला कुठल्या तारा?

घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. माझ्या इलेक्ट्रिक गिटारला ०१०–०४६ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) च्या निकेल-प्लेटेड तारा आहेत, धाकट्या भावाच्या बेसला ०४५–१०५. पावसाळ्यात माझ्या तीन बारीक तारा पंधरा दिवसांत तांबूस पडतात, बोट सरकवलं की करकरतात. जत्रेच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, दर महिन्याला नवा सेट परवडत नाही. काय घेऊ?

उत्तर, वेंगुर्ल्याहून
बारा वर्षं बेस वाजवतोय, म्हणून आधी भावाचं सांगतो. त्याला फ्लॅटवाउंड बसव. वर गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेली असते, त्यामुळे घाम-मळ अडकायला खाचा जवळजवळ नसतात. आवाज जाड, गोल. ढोलकीखाली छान बसतो. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन फ्लॅटवाउंडच वाजवायचा आणि क्वचितच बदलायचा. ताण बहुधा वाढतो, तेव्हा नेक वाकते का बघ, ट्रस रॉड (नेकच्या आतली, वाक सरळ करणारी सळई) थोडा फिरवावा लागेल.
तुझ्या गिटारला मात्र कोटेड तारा घे, म्हणजे वर पातळ आवरण असलेल्या; पण साध्या (वर काही न गुंडाळलेल्या) बारीक तारांनाही ते आहे ना, हे पाकिटावर वाच. काही सेटमध्ये फक्त जाड तारांनाच असतं, आणि तुझ्या तर बारीकच गंजतात. स्टेनलेस स्टील कमी गंजतं, पण फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) लवकर झिजवतं.

उत्तर, देवगडहून
वाजवून झालं की सुती फडक्याने तारा खालूनही पूस. केसमध्ये सिलिका जेल ठेव.

मूळ प्रश्नकर्ता
दादा, भाऊ स्लॅप वाजवतो, म्हणजे अंगठ्याने तारेवर ठोकून.

वेंगुर्ला
मग फ्लॅटवाउंड नको रे, चमक जाईल. त्यालाही कोटेड राउंडवाउंडच, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या.