गोनेल्लाची वाट शांत आहे, पण ऑगस्टमध्ये नको

आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर फ्रान्सकडच्या गूते वाटेची गर्दी टाळायची तर ते इटलीकडून, गोनेल्लाच्या वाटेने करा, हा सल्ला वाचला आणि तो अगदी पटला. पण त्यातल्याच 'ऑगस्टमध्ये रजा मिळते, तेव्हाच जा' याला माझा ठाम विरोध आहे. या वाटेवर माणसं कमी, कारण ती लांब आहे आणि डोम हिमनदी भेगांनी भरलेली आहे. वेनी खोऱ्यातून दगडधोंड्यांनी झाकलेल्या मियाज हिमनदीवरून ३०७१ मीटरवरच्या गोनेल्ला हटपर्यंत, म्हणजे गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या निवाऱ्यापर्यंत, पोचतानाच पाय बोलायला लागतात. १८९० साली आखिले रात्ती, म्हणजे पुढचे पोप पायस अकरावे, याच बाजूने उतरले होते, म्हणून तिला पोपची वाट म्हणतात.

आम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात मध्यरात्री निघालो, अख्ख्या हिमनदीवर आमचेच दोन दिवे. आयती पायवाट नाही. भेगेवर साचलेल्या बर्फाच्या एका पुलावर दोराच्या पुढच्या टोकावरच्या मित्राने काठी टोचली, तर ती मुठीपर्यंत आत गेली. वीस मिनिटं वळसा घालून पलीकडे गेलो. उन्हाळा सरत जातो तसे हे पूल कोसळतात, कडक उन्हाळ्यात हटही लवकर बंद होते. त्यामुळे रजा जूनअखेरीची मागा, आणि निघण्यापूर्वी हटवर फोन करून भेगांची स्थिती विचाराच.